माउथपीस तोंडाजवळ धरा : जिम रीव्हजची 'ग्रेटेस्ट हिट्स' रेकॉर्ड नीट कशी ऐकावी

टेलिफोन खात्यात मी ३४ वर्षं काढली. आधी लाइनवर, मग पुण्यातल्या बाजीराव रस्त्यावरच्या एक्स्चेंजात. एवढ्या नोकरीत एक वाक्य किती वेळा म्हटलं असेल त्याला मोजदाद नाही : "माउथपीस तोंडाजवळ धरा."

१९८३ च्या पावसाळ्यात कॅम्पातल्या एका गोवेकर बाईंची तक्रार आली. आवाज लांबून येतो. जुन्या हँडसेटच्या तोंडात कार्बनच्या कणांची एक चपटी डबी असायची. दमट हवेत ते कण एकमेकांना धरून बसतात आणि बोलणारा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. उपाय सोपा. डबी काढायची, तळहातावर दोनदा आपटायची, कण मोकळे होतात. मी आपटत होतो आणि आतल्या खोलीत रेकॉर्ड लागलेली होती. कुणीतरी माणूस अगदी खालच्या पट्टीत, शेजारी बसून सांगावं तसं, फोनवरच्या बाईला म्हणत होता की जरा फोनच्या जवळ ये. माझं इंग्रजी तेव्हा फॉर्म भरण्यापुरतं. मला वाटलं, हा आपल्याच खात्यातला दिसतोय.

मी तसं बोलून दाखवल्यावर बाई खूप हसल्या. "अरे बाबा, तो जिम रीव्हज. त्याची लाइन ठीक आहे, त्याची मैत्रीण बिघडलीय."

हे आता लिहायला बसलो त्याला कारण माझा भाचा. त्यानं हौसेनं एक सुटकेससारखा प्लेअर घेतला, त्यावर जिम रीव्हज या अमेरिकन गायकाच्या निवडक गाण्यांची रेकॉर्ड लावली आणि दोन गाण्यांत कंटाळला. म्हणाला, "मामा, हे तर दातांच्या डॉक्टरकडे लावतात तसलं संगीत आहे." त्याच्या घरी जाऊन ऐकलं. त्याचं चुकत नव्हतं. त्या प्लेअरवर, त्या पिनवर आणि त्या रेकॉर्डवर ते तसंच वाजत होतं. या गायकाची सगळी कमाई तोंड आणि माइक यांच्यातल्या चार बोटांत आहे. तेवढं अंतर तुमच्या खोलीपर्यंत शाबूत पोचलं तर गाणं आहे, नाहीतर दातांचा डॉक्टर आहेच.

आधी माणूस समजून घ्या

जेम्स ट्रॅव्हिस रीव्हज, जन्म २० ऑगस्ट १९२३, टेक्सासमधलं गॅलोवे. तरुणपणी बेसबॉलमध्ये चेंडू टाकायचा, दुखापतीनं ते सुटलं आणि तो रेडिओवर निवेदक झाला. हे निवेदकपण महत्त्वाचं. त्याचा प्रत्येक शब्द सुटा येतो, शेवटचं अक्षर गिळलेलं नसतं. आपल्याकडे बातम्या ऐकून इंग्रजी शिकलेल्या पिढीला हा गायक इतका जवळचा का वाटला, त्याचं मला तरी हेच कारण दिसतं.

सुरुवातीला तोही इतर कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या, गायकांसारखा मोकळ्या गळ्यानं गायचा. १९५३ चं 'मेक्सिकन जो' ऐका, जत्रेत उभं राहून गायल्यासारखं आहे. १९५७ साली 'फोर वॉल्स'च्या वेळी त्यानं आवाज उतरवला आणि माइकला जवळजवळ ओठ लावले. निर्माता होता चेट ॲटकिन्स, स्वतः नाणावलेला गिटारवादक. फिडल आणि स्टील गिटार मागे सरले, त्यांच्या जागी मऊ कोरस, पियानो आणि पुढे व्हायोलिनं आली. यालाच, कंट्री संगीताच्या नॅशव्हिल शहरावरून, नॅशव्हिल साउंड म्हणतात. जुन्या कंट्रीवाल्यांनी नाकं मुरडली, पण १९६० मध्ये 'ही'ल हॅव टू गो' अमेरिकेच्या कंट्री यादीत १४ आठवडे पहिलं राहिलं.

३१ जुलै १९६४ रोजी तो स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नॅशव्हिलजवळ वादळी पावसात पडलं. वय ४०. गाणी मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं निघत राहिली, आणि रेकॉर्ड घेताना आपण फसतो ते इथेच.

कोणता संग्रह घ्यावा

'ग्रेटेस्ट हिट्स', 'बेस्ट ऑफ', 'गोल्डन' वगैरे नावांवर जाऊ नका. कव्हर उलटा करा आणि बारीक अक्षरं वाचा.

पहिली गोष्ट, नंतर चढवलेलं संगीत. तो गेल्यावर त्याच्या आवाजाच्या टेप शिल्लक होत्या. त्यांवर नवी वाद्यं चढवून रेकॉर्डी काढल्या गेल्या. यातलं सगळंच वाईट नाही. 'डिस्टंट ड्रम्स' हे असंच गाणं. सिंडी वॉकर या गीतकार बाईंसाठी त्यानं ते नमुना म्हणून गाऊन ठेवलं होतं, मागाहून त्यावर वाद्यवृंद चढवला आणि १९६६ मध्ये ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मला आवडतं. पण १९८१ मध्ये त्याचा आणि गायिका पॅट्सी क्लाइनचा आवाज जोडून युगुलगीत निघालं. पॅट्सी १९६३ मध्ये गेलेली, तीही विमान अपघातातच. दोघांनी जिवंतपणी जे कधी एकत्र गायलंच नाही ते मेल्यावर गायला लावलं. कारागिरी उत्तम असेल, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. तुमच्या हातातल्या संग्रहात अशी युगुलगीतं असतील तर तो खाली ठेवा.

कान वापरून ओळखायचं तर असं : आवाज एका खोलीत आणि वाद्यं दुसऱ्या खोलीत वाटली की समजायचं, मधली भिंत नंतर फोडलेली आहे.

दुसरं, खोटं स्टीरिओ. स्टीरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या १९५८ पासून, त्यामुळे 'फोर वॉल्स' त्याआधीचं. पुढे कंपन्यांनी अशा जुन्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणाऱ्या, गाण्यांचा खर्ज एका बाजूला आणि कर्कश भाग दुसऱ्या बाजूला टाकून त्याला स्टीरिओ म्हणून विकलं. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड' किंवा 'स्टीरिओ इफेक्ट' असं छापलेलं असतं. जिमचं डोकं एका स्पीकरमध्ये आणि छाती दुसऱ्यात, असा प्रकार होतो. साधी मोनो रेकॉर्ड मिळाली तर खुशाल घ्या. लोक मोनोला कमी समजतात, त्यामुळे ती स्वस्तही पडते.

तिसरं, नुसती आधीच्या काळातली गाणी भरलेले संग्रह. 'मेक्सिकन जो', 'बिंबो' हीच गाणी ठळक छापलेली असतील तर ती खरीच आहेत, पण तो जत्रेतला जिम आहे. आणि दुसऱ्याच कुणी गायलेली 'जिम रीव्हजची गाणी' अशा रेकॉर्डीही असतात. फोटो जिमचा, गळा भलत्याचा.

यादीत 'फोर वॉल्स', 'ही'ल हॅव टू गो', 'वेलकम टू माय वर्ल्ड', 'आय लव्ह यू बिकॉज', 'अडिओस अमिगो' आणि 'द ब्लिझर्ड' यांतली चार-पाच असली की संग्रह पुरेसा झाला.

ज्यांच्याकडे प्लेअरच नाही त्यांनी मोबाइलवर ऐकताना संग्रहाचं नाव सोडून गाण्याचं मूळ वर्ष शोधावं. बाकीचं पुढचं सगळं सोडून 'कसं ऐकायचं' तेवढं वाचलं तरी चालेल.

जुन्या बाजारात

माझी रेकॉर्ड मंगळवार पेठेच्या बाजूला भरणाऱ्या जुन्या बाजारातली. बुधवारी आणि रविवारी. नळाच्या तोट्या, बंद पडलेले मिक्सर आणि लष्करी बूट यांच्यामध्ये एका खोक्यात २०-२५ रेकॉर्डी होत्या. बहुतेक भक्तिगीतं आणि सिनेमाची. जिमचं कव्हर एका कोपऱ्यात कसरीनं खाल्लेलं.

विकणारा म्हणाला, "तीनशे. इंग्लिश आहे काका, सायबाची."

"साहेब कधीच गेला. दीडशे."

दीडशेला दिली, वर एक फुटकी भजनाची रेकॉर्ड फुकट घ्या म्हणाला. ती ठेवून आलो.

तपासायचं कसं? रेकॉर्ड कव्हरमधून काढताना बोटं फक्त कडेला आणि मधल्या लेबलला. उन्हाकडे तिरकी धरा, म्हणजे सूर्याची रेघ खाचांवरून सरकताना दिसेल. ऊन नसेल तर मोबाइलची बॅटरी बाजूनं मारा, वरून नाही. केसासारखे ओरखडे बहुधा वाजत नाहीत. नखाला अडकतो तो ओरखडा वाजतो, आणि प्रत्येक फेरीला वाजतो. मिनिटाला ३३ फेऱ्या, म्हणजे दर दोन सेकंदांना थोडं आधीच टक्. खाचांच्या आडवा गेलेला ओरखडा परवडला, खाचांच्या दिशेनं गेलेला नको, तिथे पिन घसरते.

मग मधलं भोक बघा. भोकाभोवती लेबलवर बारीक चकचकीत रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड हजार वेळा चाचपडत लावलेली आहे. लेबल स्वच्छ पण खाचा करड्या पडलेल्या असतील तर कमी वेळा पण जड, झिजलेल्या पिननं वाजवलेली आहे. हे दुसरं जास्त वाईट, कारण ते धुऊन जात नाही. शेवटी रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरून कडेनं बघा. पुण्याच्या एप्रिलमध्ये गॅलरीत राहिलेल्या रेकॉर्डी पापडासारख्या होतात.

पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका. ती बुरशी, पावसाळ्याची. धुता येते.

धुणं

इथे घाई करू नका. माझ्या मते निम्मं काम हेच आहे.

नळाचं पाणी वापरू नका. आमच्या धायरीला उन्हाळ्यात टँकर येतो, त्या पाण्यानं स्टीलच्या भांड्यावरसुद्धा पांढरे डाग राहतात, मग खाचेत काय होईल ते बघा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ना, ते आणा. मागताना 'बॅटरीचं पाणी' म्हणा आणि बाटलीवरचं वाचून घ्या, चुकून ॲसिड आणू नका. अर्ध्या लिटरला भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. एकच. फेस आला की समजा जास्त झालं.

लेबल भिजू द्यायचं नाही. त्यासाठी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. मधलं लेबल साधारण १० सेंटिमीटर असतं, त्यावर अर्धा किलोच्या डब्याचं झाकण बरोबर बसतं. झाकण तळहातानं दाबून धरा, दुसऱ्या हातानं काम करा. खाली जुना टॉवेल.

मी लहान मुलांचे केस विंचरायचा मऊ ब्रश वापरतो. आमच्या हिनं कपाटात नातवाचा ब्रश शोधला तेव्हा तो माझ्या हातात होता आणि ही म्हणाली, "त्याला आणा इकडे, त्याचीही बुरशी काढा." नवीन आणून दिला. ब्रश भिजवून खाचांच्या दिशेनं, गोल, वजन न देता फिरवायचा. आडवा कधीच नाही. एका बाजूला दहा-बारा फेऱ्या. मग नुसत्या बॅटरीच्या पाण्यानं पुन्हा तेवढंच, साबण राहता कामा नये, नाहीतर पिनेला करडा चिखल लागतो. चष्मा पुसायच्या जातीच्या मऊ कापडानं टिपायचं, घासायचं नाही. उभी करून सावलीत अर्धा तास. पंख्याखाली नको, पंखा धूळ आणतो.

लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घरात असतील तर त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. आजोबांच्या एका नाट्यगीताचा मी असाच चिखल केला आहे.

पहिल्यांदा धुतलेली जिमची बाजू मी लावली तेव्हा 'फोर वॉल्स'च्या आधीचा एक बारीक आवाज ऐकू आला. गायच्या आधी माणूस ओठ उघडतो, तो. तोपर्यंत मी तो आवाज धूळ समजत होतो.

पिन, वजन आणि वायर

सुटकेसवाल्या प्लेअरमध्ये सहसा सिरॅमिक कार्ट्रिज (पिन बसवलेली छोटी डबी) असतं. ते पिन चार-पाच ग्रॅमनी दाबतं, आणि त्याचे स्पीकर त्याच डब्यात असल्यामुळे स्पीकर हलला की पिनही हलते. शिकायला ठीक आहे, पण दीडशे रुपयांची का होईना, चांगली रेकॉर्ड त्यावर रोज लावू नका. जुना का असेना, वेगळा टर्नटेबल बघा, ज्याला मागे वजन फिरवायची सोय आहे.

वजन लावायची रीत : अँटिस्केटची, म्हणजे दांडी आत ओढली जाऊ नये म्हणून असलेली, चकती शून्यावर. मागचं वजन फिरवत राहा, जोवर पिनेची दांडी हवेत आडवी तरंगत नाही, तराजूच्या काट्यासारखी. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत फिरवा. बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम. अँटिस्केट तेवढंच. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा मिळतो, त्यावर एकदा तपासा. लोकांना वाटतं, जितकं हलकं तितकं रेकॉर्डला बरं. उलट आहे. फार हलकी पिन खाचेत उड्या मारते आणि भिंती ठेचते.

पिन घेताना माझ्यासारखी चूक करू नका. तपकीर गल्लीच्या परिसरात एका दुकानदारानं मला "एकदम ओरिजिनल" म्हणून ४५० रुपयांना पिन दिली. जिम गाऊ लागला आणि प्रत्येक 'स' फाटू लागला, तव्यावर पाणी पडल्यासारखा. घड्याळजीच्या भिंगातून पाहिली तर टोक तिरकं चिकटवलेलं. परत गेलो तर तो म्हणाला, रेकॉर्डच खराब. तेव्हापासून दुकानातच भिंग काढतो. समोरून पाहिल्यावर टोक सरळ खाली यायला हवं. इतकंच बघा, बाकी 'स' सांगतो.

वायरीबद्दल. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरचे स्वर वाढवलेले असतात, म्हणजे खाचा अरुंद राहतात आणि खरखर कमी होते. वाजवताना ते उलटं करून घ्यावं लागतं. ते काम फोनो प्रीअँप करतो, आणि १९५४ पासून त्याचं एकच माप ठरलेलं आहे, आरआयएए नावाचं. तुमचा टर्नटेबल अँपच्या (ॲम्प्लिफायरच्या) साध्या 'ऑक्स' भोकात लावलात तर जिम रीव्हज सर्दी झालेल्या कारकुनासारखा ऐकू येतो. 'फोनो' लिहिलेल्या भोकात लावा, ते नसेल तर छोटा प्रीअँप घ्या. टर्नटेबलमध्येच प्रीअँप असेल तर मात्र दोन्ही लावू नका, मग सगळं गदगदतं. आणि ती बारीक एकटी वायर असते ना, जिचं काय करायचं कळत नाही, ती अर्थिंगची. अँपच्या मागच्या स्क्रूला गुंडाळा. घुंऽऽ असा आवाज जातो.

टर्नटेबल स्पीकरच्या टेबलावर नको. आमच्या स्वयंपाकघराच्या कामात उरलेला कडप्प्याचा तुकडा होता, तो खाली घातला, त्याखाली रबराचे चार ठोकळे आणि वर गवंड्याची पाणसळ ठेवून सपाटी पाहिली. मेव्हणा गवंडीकामाची कंत्राटं घेतो, त्याला वाटलं मी भिंत बांधतोय.

कसं ऐकायचं

आवाज कमी ठेवा. हे माझं सगळ्यांशी भांडण आहे. हातभर अंतरावर बसलेला माणूस जेवढ्या आवाजात बोलेल तेवढाच. मोठा केलात की तुम्ही त्याला ढकलून स्टेजवर उभं करता, आणि तो स्टेजवरचा माणूस नाही. मग अर्थातच कुकरची शिट्टी आणि रिक्षा मध्ये येतात. मी पहाटे साडेपाचला ऐकतो, दूधवाल्याच्या आधी. गणपतीच्या दहा दिवसांत ऐकायचा विचारही करू नका.

दोन स्पीकर आणि तुम्ही, सारख्या अंतराचा त्रिकोण. अँपला मोनोचं बटण असेल आणि रेकॉर्ड मोनो असेल तर ते दाबा. खरखर बरीच उतरते, कारण खाचेतला बराच कचरा उभ्या हालचालीत असतो आणि मोनोचं गाणं फक्त आडव्या. जिम बरोबर मधोमध येऊन बसला पाहिजे. डावीकडे सरकला तर स्पीकरच्या वायरी आणि अँपचा बॅलन्स बघा.

क्रमही सांगतो. रेकॉर्डवर काही का असेना, शक्य असेल तर आधी मोबाइलवर 'मेक्सिकन जो' एकदा ऐका. मग रेकॉर्डवर 'फोर वॉल्स'. चार वर्षांत एक माणूस मैदानातून घरात कसा आला ते कळेल. आणि मग 'ही'ल हॅव टू गो', त्या बाईंच्या घरी ऐकलेलं फोनचं गाणं.

या गाण्यात वाद्यं किती कमी आहेत ते मोजा. फ्लॉइड क्रेमरचा पियानो, व्हायब्रफोनचे काचेच्या बांगड्यांसारखे दोन-चार ठोके, मागे अनिता कर सिंगर्सचा कोरस, बास आणि ड्रम असून नसल्यासारखे. बाकी सगळी जागा त्याला मोकळी. बारमध्ये उभा राहून फोन करणारा माणूस आहे, तिकडे मैत्रिणीच्या शेजारी दुसरा कुणी बसलाय, आणि हा इकडे ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणी लावायची पेटी, हळू करायला सांगतो. जोर कुठेच नाही.

खात्यातला माणूस म्हणून एक गंमत सांगतो. आपल्या टेलिफोनच्या लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. जिमच्या खालच्या स्वरांचा पाया त्याच्या बराच खाली. म्हणजे ज्या खर्जावर अख्खं जग फिदा झालं, तो त्या मैत्रिणीला फोनवर थेट पोचलाच नसता. वरच्या कंपनांवरून कान तो अंदाजानं भरून काढतो, तेवढाच. तिच्यापर्यंत आला असेल तो पातळ जिम. भरलेला जिम आपल्याला मिळतो, कारण आपण फोनच्या त्याच्या बाजूला आहोत, त्याच्या तोंडाशी. म्हणून म्हणतो खर्ज नीट यायला हवा, धमधमणारा नाही, नुसता पायाखाली असलेला. अँपवरचा बास वाढवून तो येत नाही, वर सांगितलेलं सगळं केल्यावर येतो.

हे गाणं एकदा आईला ऐकवलं. वय ९१, इंग्रजीचा गंध नाही. डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हा कुणाशी बोलतोय एवढं हळू?"

"फोनवर. मैत्रिणीशी. तिच्याकडे दुसरा कुणी आलाय. म्हणतोय, त्याला जायला सांग. हो की नाही एवढंच बोल."

"आणि ती?"

"ती काही बोलत नाही."

"कशी बोलेल? शेजारी माणूस बसलाय ना!" आई म्हणाली. "आपला स्वतःचा फोन नव्हता, शेजारच्यांचा पीपी नंबर होता तेव्हा कुलकर्ण्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून मी तुझ्या वडलांशी काय बोलायचे? हो, नाही, बरं. बास."

मी हे गाणं चाळीस वर्षं ऐकतोय. पलीकडची बाई गप्प का, हा विचार मला आलेला नव्हता. तेव्हापासून मी ओळींच्या मधल्या जागा ऐकतो, जिथे तो थांबतो आणि तिकडून काहीच येत नाही. तुम्हीही तिथे कान लावा. आईला पुढे सांगितलं की १९६० मध्येच जीन ब्लॅक नावाच्या गायिकेनं त्या मैत्रिणीच्या बाजूनं उत्तराचं गाणं काढलं, 'ही'ल हॅव टू स्टे', आणि तेही गाजलं. म्हणजे शेजारी बसलेला नाही जाणार, तोच राहणार. आई म्हणाली, "बरोबर केलं. बारमधून फोन करतो मेला."

'द ब्लिझर्ड' शेवटी लावा. गीतकार हार्लन हॉवर्डचं गाणं, १९६१ चं. बर्फाच्या वादळात एक माणूस लंगड्या घोड्याला घेऊन घराकडे निघालाय, मैल कमी कमी होत जातात, आणि घर शंभर यार्डांवर असताना तो गोठून मरतो, कारण त्यानं घोड्याला सोडलं नाही. यात तो जवळजवळ बोलतोच, जुना निवेदक जागा होतो. आवाज मोठा करायचा मोह होईल. करू नका. बाकी 'अडिओस अमिगो' वगैरे चहा करताना ऐकली तरी चालतात, त्यांचं एवढं काही नाही.

उतरवून घेणं आणि ठेवणं

भाच्याला मोबाइलवर हवं होतं म्हणून प्रीअँपची वायर यूएसबीच्या छोट्या डबीतून लॅपटॉपला जोडली. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवा, लाल दिवा लागला की तो भाग गेला. फ्लॅक या, आवाजातलं काही न गमावणाऱ्या, फाइलीत साठवा. खरखर काढायचं बटण असतं, ते जपून. भाच्यानं पूर्ण दाबलं आणि खरखरीबरोबर ओठ उघडल्याचा आवाजही गेला. पुन्हा सगळं उतरवायला लावलं मी त्याला.

रेकॉर्ड उभी ठेवा, पुस्तकासारखी, आडव्या थप्प्या नकोत. आतली जुनी प्लॅस्टिकची पिशवी चिकट झाली असेल तर फेकून साध्या कागदाचं पाकीट करा. जून ते सप्टेंबर कपाटात नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा दार उघडं ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट नको.

पिनेलाही आयुष्य असतं, हिऱ्याची झाली म्हणून काय. साधारण ५०० ते १००० तास. एक बाजू वीस मिनिटं धरली तर हिशेब करता येतो. मी खात्याच्या जुन्या डायरीत प्रत्येक बाजूला एक उभी रेघ मारतो आणि पाचवी आडवी, पूर्वी फॉल्ट मोजायचो तशीच. आजच्या पहाटेची धरून २३६ झाल्या, त्यातल्या १९० एकट्या जिमच्या. त्यातही पहिल्या बाजूच्याच जास्त, दुसरीवर 'डिस्टंट ड्रम्स'च्या आधी तो नखाला अडकणारा ओरखडा आहे.